मूठ आणि घंटा : सोलापूरच्या निमित्ताने कातीव लाकूडकामाचा विचार

१. शब्द आणि प्रश्न

मराठीत ‘कातणे’ हे एकच क्रियापद दोन निराळ्या धंद्यांना लागते. पेळूतून सूत काढणे हे कातणे होय. आणि फिरत्या लाकडाला पटाशीची धार लावून त्यास गोल आकार देणे हेही कातणेच होय. पहिल्या अर्थाने कातणारा समाज मोठा, म्हणून तो अर्थ सर्वांच्या तोंडी राहिला. दुसरा अर्थ ‘कातारी’ या व्यवसायनामात आणि ‘कातीव खांब’, ‘कातीव पाय’ अशा प्रयोगांत टिकून आहे. या द्वैताचे मूळ संस्कृत धातुपाठापर्यंत नेता येते. तेथे ‘कृत्’ हा धातू दोन ठिकाणी दिला आहे : तुदादिगणात छेदन या अर्थी आणि रुधादिगणात वेष्टन या अर्थी. एकातून कापण्या-तासण्याची आणि दुसऱ्यातून गुंडाळण्या-वळण्याची कल्पना निघते. मराठीत हे दोन्ही प्रवाह एकाच रूपात येऊन मिळाले आहेत.

हा योग भाषेपुरता मर्यादित नाही. सूत कातणारी चाती आणि लाकूड कातणारा खराद या दोहोंचे तत्त्व एकच : एका आसाभोवती पदार्थ फिरता ठेवावयाचा आणि स्थिर हाताने त्यावर संस्कार करावयाचा. सोलापूर हे पहिल्या अर्थाने कातण्याविणण्याचे नगर म्हणून सर्वश्रुत आहे. दुसऱ्या अर्थाचे कातकाम मात्र त्या नगराच्या इतिहासात कडेला उभे राहिलेले दिसते. हातमागाची मूठ, रहाटाचा आस, पाळण्यावर टांगावयाची रंगीत लाकडी घंटा, कुंकवाचा करंडा, लाटणे, भोवरा, पलंगाचा पाय या सर्व वस्तू खरादावरच्या. पुढे गिरण्या आल्या, तेव्हा कातीव लाकडाची गरज कित्येक पटींनी वाढली. असे असूनही सोलापूर कातारकामाचे केंद्र झाले नाही. ते स्थान सह्याद्रीपलीकडे सावंतवाडीने आणि दक्षिणेस चन्नपट्टणने मिळविले. ज्या नगरास कातीव लाकूड सर्वांत अधिक लागले, तेथे कातारी का वाढला नाही, हा प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे उत्तर शोधताना ‘यंत्र आले आणि हस्तव्यवसाय बुडाला’ हे नेहमीचे सूत्र अपुरे पडते, असे दिसून येईल.

२. दोरीचा खराद

जुन्या भारतीय खरादाची रचना अत्यंत साधी आहे. जमिनीलगत दोन ठोकळे समोरासमोर बसवितात. प्रत्येकात एक लोखंडी टोक असते. या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा आडवा धरला जातो. त्या तुकड्याभोवती, किंवा त्यास जोडलेल्या आसाभोवती, दोरीचे दोन-तीन वेढे देतात. साहाय्यक दोरीची दोन टोके दोन हातांत धरून आळीपाळीने ओढतो आणि लाकूड एकदा पुढे, एकदा मागे असे फिरते. कातारी जमिनीवर बसतो, समोरच्या आडव्या पट्टीवर हत्यार टेकवितो आणि पुष्कळदा पायाच्या अंगठ्याने ते स्थिर राखतो. लाकूड आपल्या दिशेने येत असेल तेव्हाच धार लागते. ते उलटे फिरू लागताच हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. म्हणजे निम्मी गती कामाची आणि निम्मी विसाव्याची. लहान कामासाठी साहाय्यकाऐवजी कमान वापरीत. कमानीची दोरी आसाभोवती गुंडाळून एका हाताने कमान मागेपुढे करावयाची आणि दुसऱ्या हाताने पटाशी धरावयाची.

या यंत्राचे प्राचीनत्व दोन स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध होते. मिसर देशात तूना अल्-गेबेल येथे पेतोसिरिस नामक पुजाऱ्याची कबर आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीच्या या कबरीतील एका शिल्पपटात खरादावर काम करणारे दोन पुरुष दाखविले असून त्यांपैकी एक दोरी ओढीत आहे. खरादाचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. दुसरा पुरावा भारतीय असून तो वाङ्मयीन आहे. पाली दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात श्वासावर लक्ष कसे ठेवावे हे सांगताना कुशल ‘भमकार’, म्हणजे कातारी, किंवा त्याचा अंतेवासी यांचा दृष्टान्त येतो. लांब ओढ घेताना आपण लांब ओढ घेत आहोत आणि आखूड ओढ घेताना आपण आखूड ओढ घेत आहोत, हे तो जाणतो, तसेच साधकाने आपल्या दीर्घ व ऱ्हस्व श्वासाविषयी जाणावे, असा त्याचा आशय आहे. एकाच दिशेने सतत फिरणाऱ्या चाकावरून हा दृष्टान्त सुचणे शक्य नव्हते. श्वास जसा आत येतो व बाहेर जातो, तशी पुढेमागे जाणारी दोरी डोळ्यांसमोर असली तरच त्याचा अर्थ लागतो. त्यामुळे धर्मोपदेशातील हे एक वाक्य यंत्राच्या इतिहासाचेही साधन ठरते. त्यात अंतेवासीचा उल्लेख आहे हेही महत्त्वाचे. खराद हे दोघांचे यंत्र होते आणि धंद्याचे शिक्षण त्याच जोडीतून चाले.

संस्कृत परंपरेत खरादास ‘भ्रम’ अथवा ‘भ्रमि’ म्हणतात. सूर्याचे तेज पत्नी संज्ञेस असह्य झाले, तेव्हा विश्वकर्म्याने सूर्यास भ्रमीवर चढवून त्याच्या तेजाचा आठवा अंश तासून काढला आणि त्या तासातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ इत्यादी आयुधे घडविली, अशी कथा विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात अवंतिनाथाच्या वर्णनात कालिदासाने याच कथेचा उपयोग केला आहे. देवांच्या शिल्पकारासही खराद शोभतो, ही कल्पना या हत्यारास असलेल्या प्रतिष्ठेची निदर्शक आहे. ती प्रतिष्ठा ते चालविणाऱ्याच्या वाट्यास मात्र आली नाही.

३. दोन आकार, दोन समस्या

कातकामातील असंख्य आकार तांत्रिक दृष्ट्या दोन जातींत विभागता येतात आणि मूठ व घंटा हे त्यांचे उत्तम प्रतिनिधी होत.

मूठ ही भरीव वस्तू. ती दोन टोकांमध्ये धरून संपूर्ण कातता येते. तिचे सौंदर्य बाह्यरेषेत असते : कोठे फुगवटा, कोठे गळा, कोठे कंगोरा द्यावयाचा, हा निर्णय. हा निर्णय केवळ शोभेचा नसतो. हाताचा तळवा जेथे बसतो तेथे फुगवटा आणि बोटे जेथे वळतात तेथे गळा असेल तरच मूठ हातात फिरत नाही. पटाशीच्या किंवा कानशीच्या मुठीस टोकाशी धातूची शेंबी बसवितात, ती लाकूड चिरू नये म्हणून. तथापि शेंबीलगतचा कंगोरा कातारी आपल्या हौसेने काढतो. उपयोग आणि अलंकार यांची सीमा येथे पुसट असते. जुन्या मुठीच्या दोन्ही टोकांस, मध्यभागी, बारीक खळी आढळते. ती खरादाच्या टोकांची खूण असून घडणीची पद्धत ओळखण्याचे ते पहिले साधन आहे.

घंटा ही पोकळ वस्तू. तिचे तोंड उघडे ठेवून आतून लाकूड काढावयाचे म्हणजे तिचे एक टोक मोकळे हवे. ती दोन टोकांमध्ये धरून भागत नाही. यासाठी लाकडाचा तुकडा एका फिरत्या ठोकळ्यावर लाखेने चिकटवितात किंवा खाचेत ठोकून बसवितात आणि वाकड्या टोकाच्या हत्याराने आतील भाग कोरतात. येथे धार लाकडाच्या रेषांच्या टोकांवर लागते, लाकूड तुटण्याचा संभव वाढतो आणि भिंत जसजशी पातळ होते तसतसा हात अधिक हलका ठेवावा लागतो. कुंकवाचा करंडा, झाकणाची डबी, खुळखुळा आणि घंटा या सर्व एकाच कुळातील वस्तू होत. कातारी शिकाऊ आहे की जाणता, हे मुठीवरून एक वेळ कळणार नाही, घंटेवरून कळते.

लाकडी घंटेला नाद नसतो, असतो तो ठोका. वनप्रदेशात चरणाऱ्या गुरांच्या गळ्यात लाकडी लोलकाची लाकडी घंटा बांधीत, तिचा उपयोग जनावर कोठे आहे हे कळण्यापुरता होता. ती बहुधा खरादावर न काढता कोरूनच करीत. खरादावरची घंटा ही शोभेची. पितळी घंटेचा आकार लाकडात उतरवून, तीवर लाखेचे पट्टे चढवून ती पाळण्यावर किंवा तोरणात टांगावयाची. पूजेच्या घंटेस मात्र लाकूड वर्ज्य राहिले. ती पाळापासून मुठीपर्यंत धातूची आणि मुठीच्या शिरावर गरुड, नंदी किंवा हनुमान. कातीव लाकडी मुठीची हातघंटा हा पाश्चात्त्य नमुना असून तो इंग्रजी अमदानीत शाळा, कचेरी यांच्या द्वारे आला. एकाच वस्तूच्या दोन मुठींत असे दोन संस्कृतींचे अंतर साठलेले आहे.

घंटेच्या आकाराचे आकर्षण दगडापर्यंत पोहोचले होते. सोलापूरचा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेत होता, त्यांच्या काळातील लक्कुंडी, इटगी इत्यादी ठिकाणच्या मंदिरांत गोल वलयांचे, मध्ये घंटेसारखा भाग असलेले गुळगुळीत खांब आढळतात. इटगीचे महादेव मंदिर इ. स. १११२ मधील आहे. मऊ, एकजिनसी दगड फिरवून त्यावर ही वलये काढली असावीत, असे मानले जाते. खराद आडवा असो की उभा, लाकडावर बसलेली आकारदृष्टी दगडावर कशी उतरली, याचे हे उदाहरण आहे. याउलट मराठेशाहीतील वाड्यांचे ‘सुरूदार’ खांब, त्यांची रेषा कातीव भासत असली तरी, मुख्यतः छिन्नीने घडविलेले आहेत. कातल्याचा भास आणि प्रत्यक्ष कातणे यांत फरक करणे अभ्यासकास आवश्यक आहे.

४. गावगाड्याबाहेरचा कारागीर

बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत सुतार असतो, कातारी नसतो. याद्या प्रदेशपरत्वे बदलतात, पण हा भेद बहुधा कायम राहतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ मधील ग्रंथात बलुत्याची व्यवस्था जशी उलगडून दाखविली आहे, ती पाहता याचे कारण स्पष्ट होते. बलुते हे शेतीच्या चक्राशी बांधलेले होते. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी यांची डागडुजी वर्षभर करणाऱ्यास खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. लाटणे किंवा भोवरा वर्षभर दुरुस्त करावा लागत नाही. तो एकदा विकत घ्यावयाचा. कातारी हा म्हणून गावाचा नव्हे, बाजाराचा कारागीर. त्याचा संबंध आठवड्याच्या बाजाराशी, जत्रेशी, दरबाराशी आणि पेठेशी.

या स्थितीचे परिणाम दोन झाले. बलुतेदारास गावात हक्क होता. त्यामुळे वतन, तंटा, वाटणी या निमित्तांनी त्याचे नाव कागदावर येई. बाजारी कारागिराचे नाव कागदावर येण्यास तशी निमित्ते थोडी. दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. बलुतेदारास दुष्काळात का होईना, गावावर काही दावा सांगता येई; बाजारी कारागिराचे सर्व अवलंबन गिऱ्हाइकाच्या हातातील पैशावर असे. सोलापूर हा पर्जन्यछायेतील जिल्हा. १८७६-७७ च्या दुष्काळाची झळ त्यास तीव्रतेने लागली. अशा वर्षी माणूस पहिल्याने ज्या वस्तू घ्यावयाच्या थांबतो, त्यांत पाळण्यावरची घंटा आणि रंगीत करंडा अग्रभागी असणार, हे उघड आहे.

दोरी ओढणाऱ्याची गोष्ट यापुढची. खराद दोघांच्या श्रमाने चाले, पण वस्तू एकाची म्हणून ओळखली जाई. ओढणारा बहुधा घरचाच, म्हणजे मुलगा, भाऊ किंवा घरातील स्त्री. पाली सुत्ताने अंतेवासीचा उल्लेख तरी केला. पुढील काळातील हस्तव्यवसायांच्या वर्णनांत लक्ष असते ते पटाशी धरणाऱ्या हातावर. पायाने फिरवावयाचे चाक व पुढे विजेची मोटार आली, तेव्हा खराद एकाच दिशेने सतत फिरू लागला, निम्मी गती वाया जाणे थांबले आणि दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. उत्पादन वाढले हे खरे. त्याचबरोबर ज्या जोडीत विद्या हस्तांतरित होत असे, ती जोडीही मोडली. या धंद्यातील यंत्रीकरणाचा हिशोब मांडताना ही दुसरी बाजू जमेस धरली पाहिजे.

५. लाकूड, लाख आणि आश्रय

कातकामास सर्वच लाकूड चालत नाही. रेषा बारीक व सरळ, गाठी थोड्या, वाळल्यावर न फाटणारे आणि धारेस मऊ असे लाकूड लागते. दक्षिणेत चन्नपट्टण आणि आंध्रातील एटिकोप्पाका या दोन्ही केंद्रांचा आधार म्हणजे काळ्या कुड्याचे फिकट, गुळगुळीत लाकूड. सावंतवाडीच्या खेळण्यांत व फळांत हलक्या पांगाऱ्याचा उपयोग झाला. सोलापूरच्या माळरानावर उगवते ती बाभूळ, बोर, कडुनिंब. बाभूळ गाडीच्या चाकास व नांगरास उत्कृष्ट. पण ती कठीण आणि जड, तीवर नाजूक पोकळ काम करणे कष्टाचे. मूठ बाभळीची होईल, घंटा होणे कठीण. भूगोलाने येथे वस्तूंची निवड आधीच करून ठेवली होती, असे म्हणता येते.

लाखेचे काम हे कातकामाचे दुसरे अंग. लाख ही पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळते. महाराष्ट्रात तिचा प्रदेश पूर्व विदर्भाचा. शुद्ध केलेल्या लाखेत रंग मळून तिच्या कांड्या करतात. वस्तू खरादावर फिरत असतानाच कांडी तीवर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या किंवा ताडाच्या पानाच्या तुकड्याने ती घोटतात. त्यामुळे लेप लाकडाच्या पृष्ठाशी घट्ट बसतो. कुंचल्याने दिलेल्या रंगासारखा तो पापुद्र्याने सुटत नाही. जुन्या रंगांत हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, हरताळ व नीळ यांच्या मिश्रणाचा हिरवा आणि काजळाचा काळा हे प्रमुख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले व रंगपेटी बदलली. जॉर्ज वॉट यांनी १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनाच्या निमित्ताने सिद्ध केलेल्या ग्रंथात लाखकामाचे प्रकार वेगळे करून दाखविले आहेत. ढगांसारखे मिसळलेले रंग ते ‘अब्री’ आणि एकावर एक चढविलेले थर टोकदार हत्याराने खरवडून आतील रंग उघडा करावयाचा ते ‘नक्शी’. हे वर्गीकरण प्रदर्शनाच्या सोयीचे असले, तरी वस्तूंचा काळ व प्रांत ठरविताना आजही उपयोगी पडते.

लाकूड आणि लाख यांइतकाच महत्त्वाचा तिसरा घटक म्हणजे आश्रय. सावंतवाडीस भोसल्यांचे संस्थान होते. तेथील चितारी मंडळींचे काम पाट, चौरंग, पाळणे, फळे, सोंगट्या, गंजिफा असे विविध होते आणि त्यांची वस्ती ‘चितार आळी’ या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला क्षीण झाली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिच्या पुनरुज्जीवनास हात घातला व राजवाड्यातच कारागिरांस काम मिळाले. गुजरातेतील संखेडा येथे खरादी-सुतारांनी सागाच्या कातीव फर्निचरास कथलाची नक्षी आणि लाखेचा लेप देऊन लग्नाच्या बाजारपेठेवर आपला धंदा उभा केला. म्हणजे सावंतवाडीस दरबार, संखेड्यास विवाहविधी, चन्नपट्टणास खेळणी. प्रत्येक केंद्रास आपले असे एक निश्चित गिऱ्हाईक होते, आणि त्या गिऱ्हाइकास वस्तूचे वेगळेपण हवे होते.

६. सोलापूर : माग, गिरणी आणि बाबीन

सोलापुरात गिऱ्हाईक नव्हते असे नाही. उलट ते मोठे होते. मात्र त्यास हवी असलेली वस्तू निराळी होती.

साळी, कोष्टी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्यामुळे सोलापूर हे हातमागाचे मोठे ठाणे बनले. हातमागाची चौकट स्थानिक सुतार तयार करी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत धावत्या धोट्याचा माग येथे प्रसृत झाला. इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती येथे रुजण्यास पावणेदोन शतके लागली. जुन्या मागावर विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेली. नव्या मागावर डोक्यावरून लोंबणाऱ्या दोरीची मूठ हिसकली की धोटा आपोआप धावतो. विणकराच्या उजव्या हातात दिवसभर असणारी ही मूठ कातीव लाकडाची. ती बोटांत नीट बसली पाहिजे, तीस कड नको आणि घामाने ती खडबडीत होता कामा नये. हजारो वेळा हिसकल्याने ती तळहाताच्या आकारास येते व लाखेवाचूनच तुकतुकीत होते. सोलापूरच्या कातकामाची प्रातिनिधिक वस्तू कोणती असे विचारल्यास या मुठीकडे बोट दाखवावे लागेल. डग्लस हेन्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम भारतातील लहान नगरांच्या भांडवलशाहीवरील ग्रंथात हातमाग-कारखानदार व विणकर हे परिवर्तनाचे निष्क्रिय बळी नसून त्याचे कर्तेही होते, असे सोलापूरसह अनेक गावांच्या आधारे दाखविले आहे. मागाची मूठ हे त्या परिवर्तनाचे हातात धरता येण्याजोगे प्रमाण होय.

गिरणीची गोष्ट वेगळी. आगगाडी १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जीस लोक पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले, ती सुरू झाली. शतकाच्या वळणावर लक्ष्मी व नरसिंगगिरजी आणि त्यानंतर विष्णू गिरणी आली. कताई खात्यात प्रत्येक चातीवर एक बाबीन लागते. पण तेवढ्याने भागत नाही. एक चातीवर भरत असते, तेव्हा दुसरी भरलेली पुढील खात्यात असते आणि तिसरी रिकामी होऊन परतीच्या वाटेवर असते. दहा हजार चात्यांच्या खात्यास या हिशोबाने तीस हजार बाबिनी हाताशी असाव्या लागतात. शिवाय फुटतुटीची भर वेगळी. एकट्या सोलापूरच्या गिरण्यांची ही गरज परिसरातील सर्व पाळण्यांच्या घंटांहून आणि सर्व मुठींहून मोठी होती.

ही मागणी स्थानिक कातारास मिळणे कठीण होते, ते त्याचा हात मंद होता म्हणूनच केवळ नव्हे. बाबीन मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चातीवर बसते. तिचे भोक मध्यापासून केसभर जरी ढळले, तरी ती थरथरते व धागा तुटतो. म्हणून हजारो बाबिनी वजनाने, मापाने आणि समतोलाने एकसारख्या हव्यात. त्यासाठी लाकूड दीर्घकाळ मुरवावे लागते आणि भोक पाडण्याचे, बाहेरून कातण्याचे, खाचा घेण्याचे निरनिराळे खास खराद लागतात. हा धंदा इंग्लंडात आधीच स्थिरावला होता. उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे बाबिनीचे कारखाने लँकेशायरच्या गिरण्यांस माल पुरवीत. त्यांपैकी १८३५ मध्ये उभारलेला स्टॉट पार्क येथील कारखाना १९७१ मध्ये बंद झाला व आता संग्रहालय म्हणून राखला आहे. भारतीय गिरण्यांनी यंत्रे ज्या देशातून आणली, त्याच देशातून बाबिनीची मापेही आणली. यंत्र आणि त्याचे सुटे भाग यांची अशी जोडगोळी असताना सोलापूरच्या कातारास तीत शिरकाव मिळणे दुरापास्त होते.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. खरादावर काढलेली मूठ आणि कारखान्यात काढलेली बाबीन या दोन्ही कातीव वस्तूच. परंतु मुठीचा आकार तिचा वापर करणारा आणि ती घडविणारा असे दोघे मिळून ठरवितात, बाबिनीचा आकार दूरवरचे एक माप ठरविते. पहिलीत प्रत्येक नग थोडा वेगळा असणे हा गुण असतो, दुसरीत तो दोष असतो. कातारी हरला तो यंत्राच्या वेगाकडून नव्हे. एकसारखेपणाच्या मागणीकडून हरला. त्याच्या सर्व शिक्षणाचा रोख ज्या दिशेने होता, तिच्या विरुद्ध दिशेस ही मागणी होती. याच्या पडताळ्यासाठी मिरजेचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. शस्त्रांची मागणी आटली असता तेथील कारागीर गिरणीकडे न वळता गवयाकडे वळले. गवई हे असे गिऱ्हाईक की ज्यास आपल्या तंबोऱ्याची खुंटी आपल्याच हातास बसणारी हवी असते. मिरज वाद्यांचे नगर झाले. सोलापुरात गवयाची जागा गिरणीने घेतली होती.

७. उपसंहार

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. लाकडी बाबिनीची जागा प्लॅस्टिकने घेतली. सोलापूरच्या त्या जुन्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. हातमागाचे स्थान यंत्रमागाने घेतले आणि सोलापुरी चादर भौगोलिक निर्देशनाची मानकरी ठरली. विणकराच्या हातातील मूठ निरुपयोगी झाली. जुन्या लाकडी बाबिनी आणि धोटे आज दिवाणखान्यात शोभेच्या वस्तू म्हणून मांडले जातात. जी वस्तू अलंकाराचा सर्वथा निषेध करून घडविली गेली, तीच शेवटी अलंकार बनली. आणि जी पाळण्यावरची घंटा केवळ अलंकार म्हणून घडविली गेली, ती सावंतवाडी व चन्नपट्टण येथील कारागिरास अद्याप मजुरी मिळवून देत आहे. उपयुक्त वस्तू टिकते आणि शोभेची लयास जाते, या सर्वसाधारण समजुतीस कातकामाचा इतिहास दुजोरा देत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने यातून काही दिशा स्पष्ट होतात. कातारी हा कागदपत्रांपेक्षा वस्तूंतून अधिक बोलतो. मुठीच्या टोकाची खळी, करंड्याच्या तळाशी राहिलेला लाखेचा डाग, घंटेच्या आतील भिंतीवर उमटलेली हत्याराची वलये या खुणा वाचता आल्यास दोरीचा खराद कोणता, चाकाचा कोणता आणि मोटारीचा कोणता, हे ठरविता येते. वस्तुसंग्रहांत अशा वस्तूंची नोंद बहुधा उपयोगावरून होते. ती घडणीवरूनही झाली पाहिजे. घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या हातमागाच्या मुठी या सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाची साधने आहेत, आणि साधने नाहीशी होण्याचा वेग इतिहास लिहिण्याच्या वेगाहून नेहमीच अधिक असतो.

मराठी लेखक आजही रेखीव चेहऱ्यास ‘कातीव’ म्हणतो. ते विशेषण उच्चारताना दोरी ओढणारा आणि पटाशी धरणारा यांच्यापैकी कोणीही त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. शब्द राहिला, धंदा दूर गेला. या दोहोंमधील अंतर मोजणे हे अर्थातच कोशकाराचे काम नव्हे. ते इतिहासकाराचे आहे.